प्रसुप्ती आणि निवृत्ती

मज्झिमनिकायातील महावेदल्ल सूत्रात महाकोट्ठित हा भिक्षू सारिपुत्ताला एकामागून एक प्रश्न विचारीत जातो आणि शेवटाकडे येता येता असा एक प्रश्न घालतो, की जो वरवर पाहता वैद्याने विचारावा असा आहे, पण ज्याच्या उत्तरावर निरोधाच्या सगळ्या कल्पनेचा भार तोललेला आहे. मेलेला मनुष्य आणि संज्ञावेदितनिरोध नावाच्या समाधीत शिरलेला भिक्षू, या दोघांचाही श्वास थांबलेला, वाणी थांबलेली, चित्ताचा व्यापार थांबलेला. मग त्यांच्यात फरक तो काय? सारिपुत्ताचे उत्तर थोडक्यात असे, की मेलेल्याचे आयुष्य सरलेले असते, देहातली ऊब गेलेली असते आणि इंद्रिये विस्कटलेली असतात. निरोधात बसलेल्याचे आयुष्य सरलेले नसते, ऊब गेलेली नसते, आणि त्याची इंद्रिये उलट अधिक निर्मळ झालेली असतात. आयुष्य उबेच्या आधारे राहते आणि ऊब आयुष्याच्या आधारे, ज्योत आणि तिचा प्रकाश यांच्याप्रमाणे, हे त्याने त्याआधीच सांगून ठेवलेले असते.

हे उत्तर दोन हजार वर्षांहून अधिक काळ पुरून उरले आहे. तथापि ते देताना सारिपुत्तासमोर मनुष्याचा देह होता, आणि मनुष्याचा देह हा या मामल्यात फारसा भरवशाचा साक्षीदार नव्हे; त्याला थांबणे जमतच नाही, काही मिनिटे श्वास अडला की त्याचा फैसला होऊन जातो. थांबण्याची विद्या ज्यांच्या अंगी खरोखर मुरली आहे असे जीव पाहावयाचे, तर तपोवन सोडून मेलेल्या पाइनच्या ओंडक्याकडे, गव्हाच्या रोगट ओंबीकडे आणि भुंगेऱ्याच्या श्वासनलिकांकडे वळावे लागते. तेथे सूत्रकृमी राहतात: सुताहून बारीक, बहुधा एका मिलिमीटरच्या आत संपणारे, वनस्पतींच्या रसावर जगणारे, आणि रस मिळेनासा झाला म्हणजे न जगता न मरता राहू शकणारे.

जपानच्या किनाऱ्यावर काळ्या सालीच्या पाइनच्या राया शतकानुशतके राखलेल्या आहेत. समुद्राचा वारा आणि उडती वाळू अडावी म्हणून त्यांतल्या कित्येक लावल्या गेल्या हे खरे. पण मात्सुशिमाची बेटे असोत, आमानोहाशिदातेची पट्टी असो, की फूजी पर्वतासमोरची मिहोची राई असो, त्या वृक्षाचे स्थान केवळ उपयोगाचे राहिलेले नाही. वर्षारंभी येणाऱ्या देवाने उतरावे म्हणून दारात पाइनच्या डहाळ्या उभ्या करावयाच्या असा तेथला आचार आहे, आणि नो नाटकाच्या रंगमंचामागे जे एकच चित्र कायम रंगविलेले असते तेही पाइनचेच. असे हे वृक्ष 1905 च्या सुमारास नागासाकीच्या भागात, उन्हाळा सरता सरता, काही आठवड्यांच्या आत तांबडे पडून मरू लागले. तपास करणाऱ्यांची अडचण अशी होती, की मेलेल्या प्रत्येक झाडाच्या सालीखाली इतक्या जातींचे किडे सापडत, की आरोपींची वाण कधीच पडली नाही. त्यामुळे खऱ्या गुन्हेगाराकडे बोट जावयास 1971 साल उजाडले. त्या वर्षी कियोहारा आणि तोकुशिगे यांनी निरोगी झाडांत एका सूत्रकृमीची पैदास सोडून ती झाडे मरतात हे प्रयोगाने दाखविले, आणि लगेच पुढच्या वर्षी त्या कृमीची ने-आण लांब मिशांचा मोनोकॅमस नावाचा भुंगेरा करतो हे उघडकीस आले. 1979 साली एकट्या जपानात या रोगाने सुमारे 24 लाख घनमीटर लाकूड मारले. कृमी मूळचा उत्तर अमेरिकेचा. स्टायनर आणि ब्युहरर यांनी 1934 सालीच लुईझियानातल्या लाकडातून त्याचे वर्णन करून ठेवले होते, परंतु तेथील पाइनना त्याची सवय असल्यामुळे त्याला कोणी उपद्रवी मानले नव्हते. पुढे 1982 साली तो चीनमध्ये नानजिंगला, 1988 साली कोरियात बुसानला आणि 1999 साली पोर्तुगालात सापडला.

या कृमीचे भुंगेऱ्याशी जे संधान आहे ते जरा जवळून पाहण्याजोगे आहे. भुंगेऱ्याची अळी मरू घातलेल्या झाडाच्या सालीखाली वाढते, थंडीच्या आधी लाकडात शिरून आपल्यापुरती कोठडी कोरते, तोंडाशी लाकडाच्या तुसांचा बोळा बसविते, आणि हिवाळा तेथे काढून वसंतात कोषावस्थेत जाते. एव्हाना झाड मेलेले असते, ओल उतरू लागलेली असते, आणि कृमींपैकी पुष्कळांनी वाढीची नेहमीची वाट सोडून दुसरीच धरलेली असते: तिसऱ्या अवस्थेतली ही पिल्ले अंगात चरबीचे थेंब साठवून त्या कोठडीच्या भिंतींभोवती जमून राहतात. भुंगेरा कोष टाकून बाहेर येतो, पण अंग फिकट आणि मऊ असल्यामुळे काही दिवस कोठडीतच बसून असतो; नेमक्या त्याच मुदतीत, त्याच्या देहातून येणाऱ्या रासायनिक संकेतांवर, कृमी कात टाकतात आणि चौथ्या अवस्थेत जातात. या अवस्थेत त्यांना तोंड राहत नाही म्हटले तरी चालेल. ज्या सुईसारख्या काट्याने वनस्पतीची पेशी टोचून रस ओढावयाचा तो काटाच नाहीसा झालेला असतो, अन्ननलिका झडल्यासारखी झालेली असते, कातडे जाड झालेले असते. असे हे तोंड मिटलेले जीव भुंगेऱ्याच्या अंगावर चढतात, त्याच्या कुशीवरच्या श्वसनरंध्रांतून आत शिरतात आणि त्याच्या श्वासनलिकांत ओळीने पडून राहतात. एकेका भुंगेऱ्यात हजारो, आणि कधी दोन लाखांहूनही अधिक. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात कृमीला दोन इंद्रिये, मुंगीला तीन आणि भ्रमराला चार अशी चढती वाटणी केलेली आहे. ती प्रमाण मानली, तर येथे एक चतुरिंद्रिय जीव लाखो द्वींद्रियांना आपल्या श्वासाच्या वाटेत बसवून उडतो आहे असे म्हणावे लागेल, आणि त्याला त्याची गंधवार्ताही असेलसे दिसत नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. भुंगेरा निरोगी पाइनच्या कोवळ्या फांद्यांची साल कुरतडू लागला, की दोन ते पाच आठवड्यांच्या काळात कृमी त्याच्या देहातून उतरतात, त्या जखमांतून झाडात शिरतात, आणि दोनेक दिवसांत शेवटची कात टाकताच त्यांचे तोंड, काटा, भूक आणि प्रजननशक्ती सर्व परत येते. झाड खंगले म्हणजे त्याच्या वासावर मोनोकॅमसच्या माद्या अंडी घालावयास येतात, आणि कोठडीचा तोच क्रम पुन्हा सुरू होतो. नारळावरचा प्रकारही याच जातकुळीचा आहे. आपल्या कोकणात माडाचा कोंब पोखरणारा जो सोंड्या भुंगा, त्याचाच एक भाऊबंद कॅरिबियन बेटांत आणि दक्षिण अमेरिकेत अशाच एका सूत्रकृमीची पिल्ले वाहून नेतो, आणि माडाच्या बुंध्यात लाल कडे उमटवून झाड मारणारा तो रोग त्रिनिदादमध्ये नोंदला गेला तोही योगायोगाने 1905 सालीच. कोकणच्या बागायतदाराच्या नशिबी तूर्त भुंगा आहे, कृमी नाही, एवढेच.

श्वासनलिकेत पडलेल्या त्या कृमीकडे पाहिले असता धार्मिक मनाला एक मोह पडणे स्वाभाविक आहे. अन्न सोडलेले, अन्न घेण्याचे द्वारही मिटलेले, वाढ थांबलेली, प्रजननाची इच्छा म्हणावी तर तिचे साधनच उगवलेले नाही, जे काही जवळ साठविलेले आहे त्यावर, अत्यल्प व्ययाने, निश्चेष्ट राहावयाचे. आपल्या पुराणांतील तपस्व्यांची वर्णने याहून फारशी वेगळी नाहीत, आणि आपल्या मनातील वैराग्याचे चित्र पुष्कळसे त्या वर्णनांवरच पोसलेले आहे: जो खात नाही, हलत नाही, बोलत नाही, त्याच्याविषयी आपण तपशील न विचारता हात जोडतो. चांगदेव चौदाशे वर्षे जगले, काळ आला की प्राण चढवून समाधी लावीत आणि वेळ टळली की उतरवीत, ही कथा महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी आहे. पण त्याच कथेत, इतके करूनही ते कोरेच राहिले आणि मुक्ताबाईसारख्या लहान मुलीचे शिष्यत्व त्यांना पत्करावे लागले, असा जो पुढचा भाग आहे, त्याकडे आपले लक्ष पहिल्याच्या मानाने कमी जाते. आम्हा लोकांना चौदाशे हा आकडाच मोठा वाटतो.

भुंगेऱ्यातल्या कृमीची चरबी मंदपणे का होईना जळत असते. सारिपुत्ताच्या कसोटीने पाहता त्याची ऊब गेलेली नाही. गव्हावरच्या कृमीची कैफियत याहून निराळी आहे. त्याच्या उपद्रवाने ओंबीत दाण्याच्या जागी काळसर, कठीण गाठ बनते आणि त्या गाठीत हजारो पिल्ले वाळून एकमेकांस चिकटलेली असतात. उत्तर भारतातील शेतकऱ्यासही ही गाठ परिचित आहे आणि मिठाच्या पाण्यात बियाणे बुडवून वर तरंगणाऱ्या गाठी काढून टाकण्याचा उपायही परिचित आहे. 1743 साली नीडहॅम या इंग्रज कॅथलिक धर्मोपदेशकाने अशी एक गाठ फोडून आतल्या पांढऱ्या तंतूंवर पाणी सोडले, आणि ते तंतू वळवळू लागले. त्याने बेकर नावाच्या आपल्या मित्राला दिलेल्या गाठी बेकरने 27 वर्षांनी भिजविल्या, तेव्हाही त्यांतले कृमी उठले. लुईझियानातल्या पाइनकृमीचे वर्णन करणारा जो स्टायनर, त्यानेच अल्बिनसह 1946 साली राय नावाच्या धान्याच्या वाळवून ठेवलेल्या पानातून 39 वर्षांनंतर एक सूत्रकृमी जागा केल्याचे प्रसिद्ध केले. असा वाळलेला कृमी श्वास घेत नाही, काही जाळीत नाही, देहातले बहुतेक पाणी घालवून बसलेला असतो. त्याची ऊब सभोवतालच्या मातीची असते, त्याची स्वतःची नव्हे. येथे ज्योत नाही आणि प्रकाशही नाही, आणि तरी आयुष्य सरलेले नाही.

युरोपात या गोष्टीने मोठी खळबळ माजली, आणि ती माजविणाऱ्यांत नीडहॅमप्रमाणेच स्पालांझानी हाही पाद्री होता हे लक्षात घेण्यासारखे आहे. मेलेला पुन्हा उठतो की मुळात मेलेलाच नव्हता, हा प्रश्न त्यांच्या धर्मात एकाच पुनरुत्थानाच्या श्रद्धेशी जाऊन भिडतो. त्यामुळे शेवाळातल्या किंवा ओंबीतल्या क्षुद्र जीवांना त्यांनी जितक्या गांभीर्याने प्रश्न विचारले तितक्या गांभीर्याने ते आपल्याकडे कोणी विचारले नसते. अखेर 1859 साली पॅरिसच्या जीवशास्त्र सभेने चौकशीसाठी एक समिती नेमली, आणि तिच्या वतीने ब्रोका याने 1860 साली लांबलचक अहवाल सादर केला. त्यात शेवाळातले सूक्ष्म जीव निर्वात जागी 82 दिवस वाळवून, मग अर्धा तास 100 अंश उष्णतेत ठेवूनही पाण्याने जागे झाल्याची नोंद आहे. पुढे सुमारे एका शतकाने केंब्रिजच्या कीलिनने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढील, 1959 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात या अवस्थेचा साद्यंत इतिहास मांडला. जीवनाचा व्यापार शून्यावर आला तरी देहाची घडण शाबूत असेल तोवर जीवन गेले असे म्हणता येत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता.

आपल्या दर्शनांपुढे हा कृमी ठेवला असता कोणाची काय अवस्था होते हे पाहणे मनोरंजक आहे. वैशेषिकांनी आत्म्याची लिंगे सांगताना प्राण, अपान आणि पापण्यांची उघडझाप यांपासून सुरुवात केली. झोपलेल्या मनुष्याला इच्छा नसताना श्वास कसा चालतो या शंकेसाठी प्रशस्तपादांनी जीवनपूर्वक प्रयत्न नावाची निराळी तजवीजही करून ठेवली. परंतु ज्याचा श्वासच नाही त्याच्यासाठी तिचा उपयोग होत नाही. चार्वाक या ठिकाणी खूश होईल आणि सकृद्दर्शनी त्याला तसा अधिकारही आहे: घडण शाबूत, पाणी घातले, चैतन्य हजर. माझ्या मते सर्वांत कमी गडबडतो तो जैन. त्याने प्राण दहा मानले आणि श्वासोच्छ्वास व आयुष्य ही त्यांतली दोन निरनिराळी खाती ठेवली, त्यामुळे एक खाते रिकामे पडले तरी दुसऱ्याची शिल्लक संपली असे त्याला म्हणावे लागत नाही. एवढेच नव्हे, तर कोठारात मुद्रा लावून बंद केलेल्या धान्याची उगवण्याची योनी किती काळ टिकते याची यादी भगवतीसूत्रात आहे, आणि तीत गहू, जव व भात यांना जास्तीत जास्त तीन वर्षे दिलेली आहेत. गव्हाला तीन वर्षे देणाऱ्या त्या ऋषीतुल्य हिशेबनिसाला त्याच ओंबीतल्या कृमीची 27 वर्षे कळली असती, तर त्याने यादीत एक रकाना वाढविला असता. सिद्धान्त बदलण्याची गरज त्याला पडली नसती.

मला ज्या गोष्टीचे अधिक वाटते ती मात्र जीव कशाला म्हणावे ही नाही. पतंजलींनी क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न आणि उदार. त्यांतल्या प्रसुप्तावर व्यासभाष्याने जे लिहिले आहे ते वाचताना ती कोठडी आणि ती श्वासनलिका डोळ्यांपुढे उभी राहते. चित्तात क्लेश केवळ शक्तिरूपाने, बीजभावाला जाऊन राहिला म्हणजे तो प्रसुप्त. आणि त्याचा विषय समोर येणे हीच त्याची जाग. विच्छिन्नाचे उदाहरणही भाष्यकार मोठ्या मिस्कीलपणे देतात: चैत्राचे मन एका स्त्रीवर जडले म्हणून इतरांविषयी तो विरक्त झाला असे होत नाही. याच्या पलीकडे त्यांनी एक पाचवी अवस्था मानली, दग्धबीजाची. आणि तिची खूण सांगताना क्लेश किती काळ शांत आहे, किती खोल शांत आहे, याला त्यांनी काडीचेही महत्त्व दिले नाही. विषय समोर आला असता तो उठतो की नाही, एवढेच त्यांनी पाहिले.

ही कसोटी विलक्षण कठोर आहे. कृमी 39 वर्षे निश्चल राहिला याने त्याच्या भुकेविषयी काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या काळात कोणी त्याच्यापुढे पाणी आणलेच नव्हते. आश्रमात, कारागृहात, दारिद्र्यात आणि वार्धक्यात पाळल्या गेलेल्या संयमांपैकी कितीएकांची हीच गत असेल. आणि ज्या समाजाने उपवासाला, मौनाला व एकान्ताला इतके मान दिले, त्याने विषयाच्या सान्निध्यात झालेल्या परीक्षेची फारशी दप्तरे ठेवली नाहीत, हे काही भूषणावह नव्हे. तोंड नाहीसे झालेले असणे म्हणजे भूक नाहीशी होणे नव्हे; पुढच्या कातीत तोंड परत येते. किंबहुना हे तोंड मिटणे भुकेच्या विरोधात कधीच नव्हते, भुकेनेच आपल्या सोयीसाठी काढलेली ती पळवाट होती: या झाडात आता काही उरले नाही, तेव्हा पुढच्या झाडापर्यंतचा प्रवास खर्च न करता व्हावा.

यावर कोणी म्हणेल, की निरोधसमापत्तीतून भिक्षूही उठतो, मग त्याची समाधी तरी प्रसुप्तीहून वेगळी कशी? बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात याचे उत्तर अप्रत्यक्षपणे देऊन ठेवले आहे. निरोधात शिरण्यापूर्वी भिक्षूने काही गोष्टींचा निश्चय करावयाचा असतो: आपल्याजवळ असलेली परक्याची वस्तू या काळात नष्ट होऊ नये, संघाला आपली गरज पडली किंवा शास्त्याने बोलाविले तर आपण उठावे, आणि आपले आयुष्य तेवढी मुदत पुरेल की नाही याचा आधी अंदाज घ्यावा. मुदतही सात दिवसांची. या यादीत आपल्या हिताची एकही गोष्ट नाही, आणि उठण्याची किल्ली शिरणाऱ्याने शिरतानाच, शुद्धीत, आपल्या हातांनी ठेवलेली आहे. कृमीची किल्ली भुंगेऱ्याच्या अंगच्या वासात आणि पावसाच्या थेंबात असते. दोघांची निश्चलता बाहेरून सारखीच दिसेल. नाडी पाहून हा भेद सापडणार नाही, आणि सारिपुत्ताने सांगितलेल्या तिन्ही खुणा लावल्या तरी तो त्यांतून निसटेल, कारण त्या खुणा मेलेल्याला न मेलेल्यापासून वेगळे काढण्यासाठी सांगितलेल्या होत्या, निजलेल्याला निवृत्तापासून वेगळे काढण्यासाठी नव्हेत.

दग्धबीज ही कल्पना भाष्यकारांना केवळ दृष्टान्तासाठी सुचली असेल, परंतु आज ती जगातल्या बंदरांवर अक्षरशः अमलात येत आहे. पाइनकृमी आणि त्याच्यासारखे इतर जीव लाकडी खोक्यांतून देशोदेशी जातात असे ध्यानात आल्यावर 2002 साली एक आंतरराष्ट्रीय नियम ठरला: बांधणीचे लाकूड आपल्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला सलग 30 मिनिटे तापले पाहिजे किंवा त्याला मान्य विषारी धुरी दिली गेली पाहिजे, आणि तसे झाल्याचा गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला शिक्का त्यावर उमटला पाहिजे. न्हावा शेवाला उतरणाऱ्या यंत्रांच्या खोक्यांवर हा शिक्का पाहावयास मिळतो. शंभर अंश सोसणारे ते शेवाळातले जीव कोरडे होते. ओल्या लाकडातल्या कृमीला त्याच्या जवळजवळ निम्म्यानेच काम भागते. नियम करणाऱ्यांनी लाकडात हालचाल दिसते काय हे तपासण्याची अट घातली नाही, घालून उपयोगही नव्हता.

आता लाकूड तापविणाऱ्या या भट्टीत जे घडते त्याला हिंसा म्हणावे काय, असा प्रश्न एखादा श्रावक व्यापारी विचारील तर जैन शास्त्राकडून त्याला सरळ होकार मिळेल. आयुष्यप्राण शिल्लक असलेला द्वींद्रिय तो द्वींद्रियच, निजलेला असो की जागा. बौद्ध अट्ठकथांनी प्राणिवधाची पाच अंगे मानली आहेत: प्राणी असणे, तो प्राणी आहे ही जाणीव असणे, मारण्याचा विचार, प्रयत्न, आणि त्याने येणारे मरण. वाळलेल्या कृमीच्या बाबतीत वाद घालणाऱ्याला पहिल्या अंगावर वाद घालता येईल, आणि दोन शतके युरोपात तो घातला गेलाच. दुसऱ्या अंगावर मात्र भट्टीच्या कारभाऱ्याला सुटका नाही, कारण न हलणाऱ्या त्या लाकडात जीव आहे याची खात्री नसती, तर त्याने सरपणाचा खर्च केला नसता.